जर-तरचे लेखक आणि त्यांचे स्वातंत्र्य

आपल्या ग्रंथसूचींत 'स्वतंत्र' हा शब्द एका ठरावीक अर्थाने येतो. जे भाषांतरित नाही आणि रूपांतरितही नाही, ते स्वतंत्र. व्यवहारात मात्र 'स्वतंत्र लेखक' म्हटले की आपल्याला कोणाच्या पगारावर नसलेला, लेखणीवर जगणारा माणूस अभिप्रेत असतो. या दोहोंच्या पलीकडे आणखी एक अर्थ आहे. कोणता प्रश्न विचारायचा हे ज्याचे तो ठरवतो, तो स्वतंत्र. विज्ञानकथा, भयकथा, अद्भुतकथा या सर्वांच्या मुळाशी 'असे असते तर?' हा एकच प्रश्न असल्यामुळे या लेखकांच्या बाबतीत तिसरा अर्थ विशेष महत्त्वाचा ठरतो. मराठीतील जर-तरच्या साहित्याचा इतिहास या तीन अर्थांच्या आधारे तपासून पाहावा, आणि तसे करताना पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे भीमेच्या दोन अंगांचे तालुके डोळ्यांसमोर ठेवावेत, असा आमचा विचार आहे. मराठी विज्ञानकथा बहुतांशी मुंबई-पुण्याच्या मेजांवर लिहिली गेली. शहराबाहेर पन्नास-साठ किलोमीटरवर तिच्या हाती काय लागले असते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिल्या अर्थाचे स्वातंत्र्य आपल्याला हळूहळू मिळाले. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळ कोकिळ' मासिकाने १९०० साली ज्यूल व्हर्नची चंद्रसफर मराठी वाचकांपुढे आणली. मराठीतील पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून श्री. बा. रानडे यांच्या 'तारेचे हास्य' (१९१५) या कथेचा उल्लेख सामान्यतः केला जातो. त्यानंतरही दीर्घकाळ रूपांतराचा ओघ आटला नाही. भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि वेल्स यांना मराठी मुलांच्या घरी आणले. भयकथेत नारायण धारप (१९२५–२००८) यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांच्या 'लुचाई'मागे स्टीफन किंगची कादंबरी उभी आहे, हे जाणकार वाचक ओळखतात. पण धारपांचे वाडे, त्यांतील अंधाऱ्या खोल्या, घरातील म्हातारी माणसे आणि संकटकाळी धावून येणारे 'समर्थ' ही सारी इथली आहेत. २०१८ सालच्या 'तुंबाड' या चित्रपटाच्या बीजात धारपांच्या कथेचा वाटा होता, आणि त्या कथेचे नातेही पुन्हा किंगशीच पोहोचते. तेव्हा रूपांतरित आणि स्वतंत्र यांतील रेषा ग्रंथसूचीत दिसते तितकी ठळक नाही, एवढे म्हणून आपण पुढे जाऊ.

दुसरा अर्थ पोटापाण्याचा. येथे दौंड तालुक्यातील एका उदाहरणाचे स्मरण करणे आवश्यक वाटते, जरी ते कल्पित साहित्याचे नसले तरी. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते छापण्यासाठी त्या पुण्या-मुंबईच्या छापखान्यांकडे गेल्या नाहीत. मिशनचा स्वतःचा छापखाना होता आणि तेथील स्त्रियांनी हे काम शिकून घेतले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या आणि १९२४ साली ग्रंथ पूर्ण झाला. भाषा, लेखन, जुळणी आणि छपाई ही सर्व एकाच आवारात आणणारे इतके संपूर्ण लेखकीय स्वातंत्र्य मराठीत क्वचितच आढळेल. त्यामागे मोठी संस्था आणि श्रद्धेचे बळ होते, हेही विसरून चालणार नाही.

जर-तरच्या लेखकांपाशी यांतले काहीच नव्हते. त्यांना आधार होता तो नियतकालिकांचा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. पुढे अनंत अंतरकरांनी 'हंस' (१९४६) आणि 'मोहिनी' (१९५०) यांच्या पाठोपाठ १९५४ साली 'नवल' काढून अद्भुत आणि विस्मय यांना स्वतंत्र घर दिले. भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' हे स्वतःचे मासिक काढण्याचे धाडस केले. कथेचा आकार या अंकांनी ठरवला, असे आम्हाला वाटते. पावसाळ्यात पत्र येणार, भाद्रपदापर्यंत मजकूर जाणार, पाने मोजकी आणि मानधन त्याहून मोजके. नोकरीहून परतल्यावर रात्रीच्या दोन तासांत जे लिहून होईल ते लघुकथेच्याच मापाचे असणार. मराठीत विज्ञानकथा विपुल आणि विज्ञानकादंबरी विरळ का, याचे उत्तर प्रतिभेच्या अभावात शोधण्यापूर्वी या दिनक्रमात शोधायला हवे. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवभौतिकीचे संशोधक होते, सुबोध जावडेकर रसायन अभियंते. विज्ञान हे त्यांचे उपजीविकेचे क्षेत्र आणि कथा हा उरलेल्या वेळेचा उद्योग. निरंजन घाटे यांच्यासारखा आकाशवाणीची नोकरी सोडून पूर्णवेळ लेखनाकडे वळलेला लेखक अपवादच. त्या अपवादालाही कथेइतकेच, किंबहुना कथेहून अधिक, माहितीपर लेखन करावे लागले. धारपांचा मार्ग वेगळा. त्यांचा खरा आश्रयदाता म्हणजे वर्गणी भरून पुस्तके नेणारा वाचनालयाचा सभासद. तो तालुक्यातालुक्यांत पसरलेला होता. त्याला दर काही महिन्यांनी नवे पुस्तक हवे असे, आणि धारपांच्या लेखनातील वेग व पुनरावृत्ती या दोन्हींचा उगम या मागणीत आहे.

या संदर्भात १९७४ सालची घटना नव्याने वाचण्याजोगी आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली आणि १९७०पासून तिने विज्ञानकथा स्पर्धा घेण्यास आरंभ केला. १९७४च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखक होते नारायण विनायक जगताप. हे नाव जयंत विष्णु नारळीकर यांच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून तयार झाले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत मंगला नारळीकरांच्या हाताची होती. केंब्रिजहून परतलेल्या विख्यात शास्त्रज्ञाला नोकरीची किंवा मानधनाची चिंता नव्हती. त्यांना सुटका हवी होती ती स्वतःच्या नावापासून, म्हणजे कथेचे मूल्यमापन कथा म्हणून व्हावे यासाठी. पुढल्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या लेखनाचा गौरवाने उल्लेख केला. १९७९ साली 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. २०२१च्या नाशिक संमेलनाच्या अध्यक्षपदी नारळीकरांची निवड झाली, तेव्हा विज्ञानकथेला मुख्य ओसरीवर जागा मिळाली. मे २०२५मध्ये त्यांचे निधन झाले. कथा पाठवताना आपले नाव बाजूला ठेवण्याची ही कृती त्यांच्या साहित्यिक कारकिर्दीतील एक मूलभूत निर्णय होता, असे आम्ही मानतो.

आता तिसरा अर्थ. नारळीकरांच्या गंगाधरपंतांची कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. इतिहासाचे हे प्राध्यापक पुण्याहून मुंबईला निघतात आणि अशा एका जगात पोहोचतात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही आणि मराठे जिंकलेले आहेत. कथेचे वैज्ञानिक अंग नेटके आहे. पण 'पानिपत जिंकलो असतो तर?' या प्रश्नातील 'आपण' कोण, हा प्रश्न कथेत उद्भवत नाही, कारण पानिपतच्या बाबतीत मराठी वाचकाचा 'आपण' फारसा दुभंगलेला नाही.

गंगाधरपंत पश्चिमेस न जाता पूर्वेस निघाले असते तर? ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेशी तिची गाठ पडली. कोरेगाव शिरूर तालुक्यात येते. स्मारकस्तंभ मात्र नदीच्या पुण्याकडील तीरावर, पेरण्याच्या हद्दीत आहे. त्यावरील नावांत महार सैनिकांची नावे आहेत, आणि १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले तेव्हापासून त्या दिवसाला वेगळा अर्थ लाभला. २०१८च्या १ जानेवारीला तेथे हिंसाचार झाला. अशा भूमीवर 'लढाईचा निकाल उलटा लागला असता तर?' हा प्रश्न विचारणारा लेखक कोणाच्या वतीने विचारतो? एकाच्या दृष्टीने टळलेली आपत्ती ती दुसऱ्याच्या दृष्टीने बुजलेली वाट ठरेल. येथे 'जर' निरुपद्रवी राहत नाही. पर्यायी इतिहासाची मराठी कथा पानिपतावर सहज जाते आणि कोरेगावला पोहोचत नाही, याचे कारण अंतर नसून हे अवघडलेपण असावे.

सगळीच सामग्री इतकी ज्वलनशील आहे असे नाही. शिरूरलाच कर्नल वॉलेस यांची १८०९ सालची कबर आहे. या इंग्रज अधिकाऱ्याला परिसरातील लोक 'सत्पुरुष' मानू लागले आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य कबरीवर येऊ लागला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. परक्या सत्तेचा सेनाधिकारी शेताचा राखणदार होतो, ही घटना कोणत्याही भूतकथेहून विलक्षण आहे. लोकांनी त्याला का स्वीकारले असेल, त्याने आपल्या स्वीकाराकडे कसे पाहिले असते, यातून एक गंभीर कादंबरी उभी राहू शकते.

पहिल्या अर्थाचे स्वातंत्र्य मराठी जर-तरच्या साहित्याने बऱ्याच अंशी मिळवले आहे. दुसऱ्या अर्थाचे ते नोकरी सांभाळून भागवत आले आहे. तिसऱ्यासाठी छापखाना अथवा मानधन पुरेसे नाही. संगणकावर अक्षरजुळणी करून आपले पुस्तक स्वतःच काढणे आज दौंडच्या किंवा शिरूरच्या लेखकाला रमाबाईंच्या काळापेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. या सोयीचा उपयोग पुन्हा पानिपतावर जाण्यासाठी होतो की भीमेच्या काठावरचे अवघड 'जर' लिहिण्यासाठी, हे त्या लेखकाने ठरवायचे आहे. आणि तो ते लिहील त्या वेळी कथा कथा म्हणून वाचण्याचे भान, १९७४च्या परीक्षकांप्रमाणे, आपण वाचकांनी आणि अध्यापकांनी ठेवायचे आहे.