चूल, शेगडी, स्टोव्ह आणि वीज

‘घरोघरीं मातीच्या चुली’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं तिचा वाच्यार्थहि खरा होता. सरदाराच्या वाड्यांत काय किंवा कुणब्याच्या खोपटांत काय, अन्न मातीच्या चुलीवरच शिजे. मराठी भाषेंत तर घर आणि चूल हे शब्द इतके एकजीव झाले आहेत कीं, भाऊ विभक्त झाले म्हणजे त्यांच्या चुली वेगळ्या झाल्या असें म्हणतात, आणि सबंध घराला जेवावयास बोलवावयाचें असलें म्हणजे चूलबंद आवतण देतात. ज्या वस्तूवरून कुटुंबाची गणना व्हावी, तिचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. तो सांगितला पाहिजे. कारण स्वयंपाकाचीं निरनिराळीं साधनें एकमेकांशीं ताडून पाहतांना कोणाची आंच अधिक, एवढेंच बहुधा विचारलें जातें, आणि त्या आंचेची किंमत कोणी दिली हा प्रश्न बाजूस राहतो.

पुणें जिल्ह्यांत शिरूरजवळ इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीं तेथें नांदणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरांचे अवशेष, धान्य सांठविण्याचीं पेवें आणि चुलींच्या जागा त्यांत उजेडांत आल्या. विस्तवासाठीं घरांत कायमची जागा राखून ठेवण्याची रीत महाराष्ट्रांत किती जुनी आहे, याची ही साक्ष होय.

पुढें गृहिणींच्या हातून या चुलीला जें रूप आलें, त्यांत पुष्कळ शहाणपण सांठविलेलें आहे. तीन बाजूंनीं मातीची भिंत, समोर सरपण सारण्यास तोंड, वर भांडें टेकण्यास उंचवटे, आणि शेजारीं वैल. चुलींतील जाळाचा जो भाग भांड्याखालून निसटे, तो आंतल्या वाटेनें वैलाखालीं जाई आणि तेथें ठेवलेलें वरण किंवा कालवण शिजत राही. तोंडाशीं ओढलेल्या निखाऱ्यांसमोर भाकरी उभी केली म्हणजे ती टम्म फुगे. निखारे राखेखालीं झांकले कीं सकाळपर्यंत विस्तव टिके, आणि उरलेली राख भांडीं घासावयास येई. एका जाळावर इतकीं कामें करून घेणारें दुसरें साधन अद्यापि निघालेलें नाहीं.

परंतु या गुणांची दुसरी बाजू तितकीच मोठी आहे. लांकडांत जी उष्णता असते तिच्यापैकीं साध्या चुलीवर जेमतेम एक दशांश भांड्यापर्यंत पोंचते. बाकीची भिंतींत मुरते, नाहींतर धुराबरोबर निघून जाते. लांकडाला पुरेसा वारा मिळाला नाहीं म्हणजे त्यांतून निघणारे वायु पुरते जळत नाहींत, आणि त्यांचाच धूर होतो. तो प्रथम जातो फुंकणी हातांत घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातींत, आणि तिच्या मांडीवर मूल असेल तर त्याच्याहि. शिवाय रानांतून मोळी आणणें, शेण थापून गोवऱ्या वाळविणें, तुराट्या-पऱ्हाट्या पावसाळ्यासाठीं रचून ठेवणें, हीं सर्व कामें तिच्याच अंगावर. या कामाला रोख पैसा पडत नसे, म्हणून त्याला कांहीं किंमत आहे असें कोणाच्या मनांत येत नसे.

धुराचें हें दुखणें आपल्याच देशाचें होतें असें नव्हे. युरोपांतहि उघड्या भट्टीवर स्वयंपाक होई आणि बहुतेक उष्णता धुराड्यांतून वर जाई. अमेरिकेंत जन्मलेला व बव्हेरियाच्या दरबारीं नोकरीस राहिलेला बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रमफर्ड, यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिक येथें या प्रश्नास हात घातला. त्यानें विस्तव विटांच्या बांधकामांत कोंडला, प्रत्येक भांड्यास स्वतंत्र भोंक दिलें आणि वारा कमी-अधिक करण्यासाठीं झडपा बसविल्या. जाळ वाढविण्यापेक्षां त्याला आवर घालण्यांत इंधनाची बचत आहे, हें त्यानें दाखवून दिलें. बंदिस्त चुलीच्या पुढील सुधारणांमागें हेंच तत्त्व आहे.

महाराष्ट्रांत चुलीची जागा प्रथम हलली ती मात्र शास्त्राच्या उपदेशानें नव्हे, तर जागेच्या टंचाईनें. मुंबईच्या गिरण्यांभोंवतीं चाळी उभ्या राहिल्या; एका खोलींत सारें कुटुंब, वर दुसऱ्याची खोली, आणि लांकूड विकत घ्यावयाचें. तेथें लोखंडी शेगडी आणि लोणारी कोळसा सोयीचा ठरला. शेगडी उचलून गॅलरींत नेतां येई, पेटल्यावर परत आंत आणतां येई. तिची आंच संथ आणि एकसारखी. दूध आटविण्यास किंवा पुरण शिजविण्यास ती उत्तम. कोळशाचा धूर होत नाहीं याचें कारण असें कीं, लांकडांतील धूर करणारा भाग भट्टींतच जळून गेलेला असतो. म्हणजे शहरांतला धूर वांचला तो रानांत सोडून दिलेला होता. शिवाय कोळशांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु दिसत नाहीं आणि त्याला वासहि येत नाहीं. दारें लावून शेगडीजवळ निजलेलीं माणसें पुन्हां उठलीं नाहींत, अशा घटना म्हणूनच घडत आल्या आहेत.

१८९२ सालीं स्वीडनमधील स्टॉकहोम येथें फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यानें बिनकाजळीचा, दाबानें चालणारा स्टोव्ह तयार केला. ‘प्रायमस’ या नांवानें तो जगभर गेला. अमुंडसेननें १९११ सालीं दक्षिण ध्रुव गांठला तेव्हां तोहि त्याच्यासोबत होता. त्याची युक्ति सोपी होती. स्पिरिटांत भिजविलेला काकडा लावून बर्नर तापवावयाचा, पंप मारून टांकींतील रॉकेल वर चढवावयाचें. तापलेल्या नळींत रॉकेलची वाफ होते, ती बारीक भोंकांतून जोरानें बाहेर पडतांना भोंवतालची हवा ओढून घेते आणि निळ्या ज्योतीनें जळते. चुलीचा विस्तव धरेपर्यंत माणसाला थांबावें लागे. आतां पांच-दहा मिनिटांत चहाचें आधण येऊं लागलें, आणि काम संपतांच विस्तव विझवितां येऊं लागला. शहरांतील मध्यमवर्गीय संसाराची सकाळ या स्टोव्हच्या भरभर आवाजानें उजाडूं लागली.

स्टोव्हनें धुराची जागा भडक्याला दिली. बर्नरचें भोंक तुंबलें म्हणजे पिन मारावी लागे. दाब फार झाला, जोड सैल असला किंवा पेटत्या स्टोव्हांत रॉकेल ओतलें, तर पदरानें पेट घ्यावयास क्षणहि लागत नसे. आणि याच भडक्याच्या आड एक भयंकर गोष्ट लपविली जाऊं लागली. १९७० नंतरच्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडून तरुण सून मरण पावली’ अशा बातम्या वारंवार छापून येऊं लागल्या. मरणाऱ्या सुनाच कां, सासवा आणि नणंदा कां नाहींत, असा प्रश्न स्त्रियांच्या संघटनांनीं विचारला. १९८३ सालीं सासरच्या क्रूरतेविषयींचें ४९८-अ हें कलम आणि १९८६ सालीं हुंडाबळीविषयींचें ३०४-ब हें कलम भारतीय दंडसंहितेंत दाखल झालें, त्यामागें अशा मृत्यूंचा आक्रोश होता.

गॅसची चूल वस्तुतः स्टोव्हहून जुनी. इंग्लंडांत नॉर्दम्प्टनच्या जेम्स शार्पनें १८२६ सालीं तिचें पेटंट घेतलें होतें. १८५५ च्या सुमारास जर्मन रसायनज्ञ बुन्सेन याच्या प्रयोगशाळेंत वायु आणि हवा आधीं मिसळून मग पेटविणारा बर्नर तयार झाला, आणि काजळी न धरणारी ज्योत हातीं आली. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालीं दगडी कोळशाच्या गॅसचे दिवे लागले. पण घरगुती स्वयंपाकासाठीं सिलिंडरमधील गॅस त्याच शहरांत विकला जाऊं लागला तो १९५५ च्या सुमारास. सिलिंडरमधला हा वायु हवेहून जड असतो, म्हणून गॅसची शेगडी सिलिंडरहून उंच ठेवावी लागते. त्यामुळें ओटा आला, आणि पिढ्यानपिढ्या जमिनीवर बसून रांधणारी बाई उभी राहिली. आंच बोटाच्या वळशासरशीं वाढावी आणि उतरावी, हें सुख गॅसनेंच प्रथम दिलें. गॅसमधील उष्णतेपैकीं निदान शेंकडा ६८ भाग भांड्यास मिळाला पाहिजे, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. मात्र नवा गॅस मिळविण्यासाठीं नंबर लावून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. मुंबईंत १९९५ सालीं महानगर गॅस कंपनी स्थापन झाल्यावर नळानेंहि गॅस घरीं येऊं लागला. गॅसची ज्योत स्वच्छ दिसली तरी तिच्यांतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, म्हणून ओट्याजवळची खिडकी उघडी असणें श्रेयस्कर.

विजेचें स्वयंपाकघर १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची टिकाऊ तार निघाल्यावर विजेची शेगडी व्यवहारांत आली. खोपोलीची जलविद्युत् १९१५ सालीं मुंबईस पोंचली, पण ती गिरण्यांसाठीं. घरांत विजेचा दिवा आला तरी तिच्यावर रोजचें अन्न शिजविणें बहुतेकांस परवडत नसे. अलीकडची इंडक्शन शेगडी निराळ्या तत्त्वावर चालते. फॅरडेनें १८३१ सालीं शोधलेल्या विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाचा ती उपयोग करते. कांचेखालच्या वेटोळ्यांत वीज वेगानें दिशा पालटते, आणि त्यामुळें भांड्याच्या बुडांतच प्रवाह उत्पन्न होऊन बूड तापतें. अमेरिकेंतील वेस्टिंगहाऊस कंपनीनें १९७१ सालीं अशी शेगडी लोकांपुढें मांडली. हिच्यावर शेंकडा ८० हून अधिक उष्णता भांड्यास मिळते आणि घरांत इंधन म्हणून कांहींच जळत नाहीं. परंतु चुंबक चिकटेल असें भांडें तिला लागतें. आजीचें पितळी पातेलें किंवा ॲल्युमिनियमचा तवा तिच्यापुढें निरुपयोगी. भाकरी फुगवावयास आणि वांगें भाजावयास ज्योत नाहीं, हीहि तक्रार खरीच. शिवाय ती वीज चंद्रपूर किंवा कोराडी येथील कोळशाची असेल, तर घरांतला धूर तेथल्या धुराड्यांतून निघतो, हेंहि विसरतां येत नाहीं.

इतकीं साधनें निघालीं तरी मातीची चूल विझली नाहीं. ती सुधारण्याचे प्रयत्नहि थोडे झाले नाहींत. वर्ध्याच्या मगनवाडींत ग्रामोद्योग संघाच्या कार्यकर्त्यांनीं धुराडें असलेली मगनचूल तयार केली. १९८३ नंतर सरकारनें सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम हातीं घेतला आणि तो २००२ पर्यंत चालविला. ओरिसांतील सुमारें २६०० कुटुंबांवर नजर ठेवून केलेली एक पाहणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षीं धूर कमी झाला. पुढें चुली फुटल्या, धुराडीं तुंबलीं, दुरुस्ती झाली नाहीं, आणि लाभ ओसरला. चूल फुकट देणें सोपें. ती वर्षानुवर्षें सारवून, साफ करून वापरण्याचें काम पुन्हां त्याच बाईकडे आलें.

२०१६ सालीं गरीब घरांतील स्त्रियांच्या नांवें गॅस देण्याची उज्ज्वला योजना सुरू झाली. तिच्यांतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजीं औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथें देण्यांत आली. तरीहि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारीं कुटुंबें शेंकडा ५८.६ च भरलीं. सिलिंडर घरांत आहे, तो पाहुण्यांच्या चहासाठीं. रोजची भाकरी मात्र अंगणांतल्या चुलीवर, असें दृश्य गांवोगांव दिसतें. चुलीवरच्या भाकरीची चव हें याचें एक कारण खरें, पण मुख्य कारण हिशेबाचें आहे. सिलिंडरला एकदम रोख रक्कम मोजावी लागते. मोळीला बाईची दुपार लागते, आणि ती घराच्या खर्चांत कोणी मांडत नाहीं. घरांतल्या धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें अकालीं मेलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे; ती किंमतहि त्या खर्चांत येत नाहीं.

म्हणून साधनांची तुलना करतांना चार गोष्टी एकत्र पाहाव्यात. उष्णता भांड्यास किती मिळते, आंच ताब्यांत किती राहते, धूर कोठें जातो आणि कष्ट कोणाचे होतात. पहिल्या दोन गोष्टींचें उत्तर शास्त्रानें चांगलें दिलें आहे. इंडक्शन आणि गॅस हीं दोन्हीं शेजारीं असावींत; दूध, भात, वरण पहिलीवर आणि भाकरी दुसऱ्यावर करावी, म्हणजे वीज गेली किंवा सिलिंडर संपला तरी घर अडत नाहीं. उरलेल्या दोन प्रश्नांचें उत्तर मात्र प्रत्येक घरानें द्यावयाचें आहे. मोळीसाठीं गेलेली दुपार आणि चुलीपुढें चुरचुरलेले डोळे ज्या घरांत खर्चाच्या वहींत रुपयांइतकेच धरले जातील, त्या घराला कोणती चूल ठेवावी हें ठरविण्यास फार वेळ लागणार नाहीं.