भंडाऱ्याचे दुसरे मत

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचा विषय निघाला की आपण पवनीच्या स्तूपांपासून आरंभ करतो आणि इंग्रजी अमलापर्यंत येऊन थांबतो. आज थोडे पुढे जाऊ. मे १९५४ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, येथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. घटनेचा मसुदा ज्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाला, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीत उमेदवार होते.

मतांच्या राजकारणात ते नवखे नव्हते. १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधिमंडळात ते स्वतंत्र मजूर पक्षाचे पुढारी म्हणून निवडून आले आणि त्याच वर्षी त्यांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. पुढे मध्यवर्ती सरकारात मजूर खाते, स्वातंत्र्यानंतर कायदेमंत्रिपद, आणि १९५१ मध्ये राजीनामा. १९५२ ला उत्तर मुंबईत काजरोळकरांनी त्यांना हरविले. राज्यसभेत त्यांना जागा मिळाली होती. तरीही ते भंडाऱ्यात उभे राहिले. थेट लोकांच्या मताने लोकसभेत जाण्याची त्यांची ओढ यावरून दिसते.

त्या वेळी भंडारा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि मतदारसंघ द्विसदस्य होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. दोन्ही एकाच उमेदवाराला देण्याची मुभा नव्हती. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याचीही तेव्हा रीत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे, तीत पत्रिका टाकायची. सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते. त्यांचा आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा समझोता झाला होता : फेडरेशनवाल्यांनी दुसरे मत मेहतांना द्यावे, समाजवाद्यांनी आंबेडकरांना.

निकाल लागला. मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांना १,४०,८६४ आणि आंबेडकरांना १,३२,४८३ मते पडली. फरक अवघा ८,३८१ मतांचा! जोडीतला एक तरला, दुसरा बुडाला. मतपेटी गुप्त असते, तेव्हा कोणत्या मोहल्ल्याने काय केले याचा हिशेब आम्ही मांडू नये. पण दोघांच्या पेट्यांत दुसरी मते सारखी पडली नाहीत, असे आम्हांस वाटते. बोरकरांचे स्वतःचे आणि काँग्रेसचे बळ होतेच, तेही नाकारून चालणार नाही.

या निकालामागे एक जुना वाद उभा आहे. राखीव जागेचा प्रतिनिधी कोणी निवडावा, अस्पृश्यांनी की सर्वांनी? १९३२ च्या पुणे करारात आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी सोडली आणि संयुक्त मतदारसंघ मान्य केला. तोच संयुक्त मतदारसंघ बावीस वर्षांनी भंडाऱ्यात त्यांच्या वाट्याला आला.

त्याच लोकसभेच्या मुदतीत भंडाऱ्यातून अनसूयाबाई बोरकरही निवडून आल्या. आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी निवर्तले, तोपर्यंत राज्यसभेतच राहिले. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने मोडले, आणि १९६२ च्या निवडणुकीत मतदाराच्या हाती लोकसभेसाठी एकच मतपत्रिका आली.