फाशीचा जमाखर्च

“खुन्याला सरकारी खर्चाने कशाला पोसावे?” असे पलूसच्या बाजारात ऐकतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आधी हिशेब मागतो. मुले पळवून मारणाऱ्या गावित बहिणी १९९६ साली पकडल्या गेल्या. कोल्हापूरच्या कोर्टाने २००१ साली फाशी दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ साली कायम केली. २०१४ साली दयेचा अर्जही फेटाळला गेला. पण सरकारी दिरंगाईमुळे २०२२ साली उच्च न्यायालयाने जन्मठेप केली! पाव शतकाचा तुरुंग, शिवाय कोर्टखर्च.

स्वस्त फाशी म्हणजे घाईची फाशी. तीही आम्ही जाणतो. सोलापूरचा उठाव मे १९३० चा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघे फासावर. आठ महिन्यांत सारे उरकले. त्या चौघांत कामगारांचा कुर्बान हुसेन होता.