गोलरक्षक गोताल्स

फुटबॉलच्या मैदानावर दहा गडी चेंडूमागें धांवत असतात. अकरावा, म्हणजे गोलरक्षक, बहुतेक वेळ नुसता उभा असतो. परंतु साऱ्या खेळाचा पट त्याच्याच डोळ्यांसमोर मांडलेला असतो. बेल्जियमच्या रेमों गोताल्स यांनीं या उभें राहण्याचें चीज केलें.

त्यांचा जन्म १९२१ सालीं ब्रुसेल्स येथें झाला. डेअरिंग, रेसिंग इत्यादि संघांतून ते गोलरक्षक म्हणून खेळले. राष्ट्रीय संघांत त्यांची वर्णी कधींच लागली नाहीं. शिक्षक म्हणून नांव झालें तें सिंत ट्रुइडन येथें. १९५९ सालीं हातीं आलेला हा लहानशा गांवचा संघ त्यांनीं १९६६ सालीं देशांत दुसऱ्या क्रमांकावर नेला.

ऑफसाइडचा सापळा हें त्यांचें मुख्य शस्त्र. चेंडू पुढें टाकला जातांना चढाईचा गडी बचावाच्या फळीपलीकडे असला, तर तो बाद ठरतो. गोताल्स आपल्या बचावाच्या गड्यांना नेमक्या क्षणीं एकदम पुढें सरकावयास शिकवीत. शत्रूचा गडी मागें एकटा उरे आणि पंचाची शिटी वाजे. १९६८ पासून राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. १९७२ सालीं या संघानें युरोपचे विजेते जे इटालियन, त्यांना स्पर्धेबाहेर घालविलें.

पुढें जें घडलें त्यास दैवाची थट्टाच म्हटलें पाहिजे. १९७४ च्या विश्वचषकाच्या पात्रता-फेरींत बेल्जियमनें सहा सामन्यांत एकहि गोल होऊं दिला नाहीं. गोलरक्षकाच्या शिष्यांस याहून मोठी शाबासकी कोणती? शेवटचा सामना १८ नोव्हेंबर १९७३ रोजीं ॲमस्टरडॅम येथें हॉलंडशीं होता. अगदीं अखेरच्या क्षणीं फेरहेयेननें चेंडू जाळ्यांत मारला, आणि पंचानें तो ऑफसाइड ठरविला! छायाचित्रणांत गोल निर्दोष दिसला. पण निर्णय फिरला नाहीं. सामना बरोबरींत सुटला, गोलांच्या हिशेबांत हॉलंड सरस ठरलें, आणि तेंच पुढें विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचलें.

या अन्यायाबद्दल हळहळ वाटते. पण पुढील प्रकरणांत दोष त्यांचा स्वतःचा होता. १९७८ सालीं अँडरलेख्टला युरोपांतील चषक मिळवून दिल्यावर ते स्टँडर्ड लिएज या संघाकडे गेले. १९८२ च्या मे महिन्यांत बार्सिलोनाविरुद्धचा युरोपियन अंतिम सामना चार दिवसांवर होता. अजिंक्यपद पक्कें व्हावें व आपले गडी जायबंदी होऊं नयेत, म्हणून वॉटरशे संघाच्या खेळाडूंस पैसे चारण्यांत आले. अजिंक्यपद मिळालें, बार्सिलोनाकडून मात्र हार खावी लागली. १९८४ सालीं हें बिंग फुटलें. गोताल्स यांच्यावर बंदी आली व ते पोर्तुगालला गेले.

एवढ्यानें एखाद्याची कारकीर्द संपली असती. परंतु १९९१ सालीं फ्रान्समधील मार्सेय संघानें त्यांना बोलाविलें. त्याच वर्षीं युरोपियन चषकाचा अंतिम सामना पेनल्टीवर गेला. २६ मे १९९३ रोजीं म्युनिच येथें पुन्हा संधि आली. प्रतिपक्ष मिलानचा, त्या मोसमांत या स्पर्धेंतील दहाहि सामने जिंकून आलेला. मध्यंतराच्या किंचित् आधीं बोलीनें डोक्यानें गोल केला, तोच एकमेव. एकाहत्तर वर्षांच्या शिक्षकानें हा चषक तोंवर कधींच जिंकला नव्हता. फ्रेंच संघानेंहि नव्हता.

पण सहाच दिवसांपूर्वीं वालेंसिएनविरुद्धच्या सामन्यांत मार्सेयकडून लांच दिली गेली होती. संघाचे अध्यक्ष तापी यांस तुरुंगवास झाला. शिक्षा झालेल्यांत गोताल्स नव्हते. युरोपियन चषक मार्सेयकडेच राहिला. फ्रेंच अजिंक्यपद काढून घेतलें गेलें, आणि त्या वर्षीचा विजेता म्हणून कोणाचेंच नांव लागलें नाहीं. गोताल्स २००४ च्या डिसेंबरांत ब्रुसेल्स येथें वारले.