गंजाच्या निवारणाचा इतिहास

धातूच्या क्षयाची ओळख आमच्या घरांतील स्त्रियांस फार जुनी आहे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत ताक ठेवलें तर तें कळकतें, हें सांगण्यास रसायनशास्त्राचा ग्रंथ लागत नाहीं. कल्हई म्हणजे आंबट पदार्थापासून पितळेचा बचाव करणारा कथलाचा पातळ थर. तो झिजतो, म्हणून कल्हईवाल्यास पुनःपुन्हा बोलवावें लागतें. तेलासारख्या अवाढव्य उद्योगांतील धातुरक्षणाचें बरेंचसें मर्म या घरगुती व्यवहारांत आहे.

वऱ्हाडांत खनिज तेल घरोघर आलें तें घासलेटच्या डब्यांतून. तो डबाही लोखंडी पत्र्यास कथील चढवूनच केलेला असे. आमच्या राजापेठेंतल्या जुन्या घरांत रिकामे डबे धान्यापाण्यासाठीं वापरीत. अशा डब्यास ओरखडा पडला कीं नेमक्या त्या जागीं गंज झपाट्यानें आंत शिरे. उलट जस्ती बादलीस ओरखडा पडला तरी आंतलें लोखंड बराच काळ शाबूत राहतें. असें कां व्हावें? दोन धातू ओलाव्यांत एकमेकांस लागले म्हणजे विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो, आणि दोहोंपैकीं अधिक क्रियाशील धातु झिजतो. कथील व लोखंड यांत झिजतें तें लोखंड. जस्त व लोखंड यांत जस्त.

या तत्त्वाचा बुद्धिपुरस्सर उपयोग प्रथम सर हम्फ्री डेव्ही यांनीं केला. ब्रिटिश आरमाराच्या लांकडी जहाजांच्या तळास तांब्याचे पत्रे मारीत, व समुद्राचें पाणी तें तांबें खाऊन टाकी. 1824 सालीं डेव्ही यांनीं त्या पत्र्यांस जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडण्याचा उपाय सुचविला. तांबें वांचलें, परंतु झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळें जे शिंपले व शेवाळ दूर राहत, ते आतां तळास चिकटूं लागले. जहाजांची गति मंदावली आणि आरमारानें तो उपाय सोडून दिला. शास्त्र खरें ठरलें, पण व्यवहारांत हरलें.

त्यास पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती शंभर वर्षांनीं, जमिनीखालच्या नळ्यांमुळें. 1928 सालीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स येथें रॉबर्ट कून या अभियंत्यानें वायु वाहून नेणाऱ्या नळीस बाहेरून विद्युत्प्रवाह देऊन तिचें क्षरण रोखलें. तेलाच्या उद्योगानें ही युक्ति पुढें सर्वत्र उचलली.

महाराष्ट्रांत या विद्येची खरी कसोटी समुद्रांत लागली. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें 160 किलोमीटरांवर ‘मुंबई हाय’ येथें 1974 सालीं तेल सांपडलें व 1976 सालीं तें काढण्यास आरंभ झाला. अशा ठिकाणीं पोलादावर दुहेरी संकट असतें. बाहेरून खारें पाणी. आंतून तेलासवें येणारें पाणी व त्यांत विरघळलेले आम्लधर्मी वायु. म्हणून समुद्रांतील मनोऱ्यांच्या पायांस ॲल्युमिनियमसारख्या धातूंचे ठोकळे जोडतात, ते पोलादाऐवजीं स्वतः झिजतात. आणि नळ्यांत क्षरणरोधक द्रव्यें सोडतात. ठोकळा संपला कीं नवा बसवावा लागतो. कल्हईचाच न्याय!

या कामांत हयगय झाली तर काय होतें, हें 22 एप्रिल 1992 रोजीं मेक्सिकोंतील ग्वादालाहारा शहरानें पाहिलें. तेथें पाण्याचा नळ व पेट्रोलची पोलादी नळी एकमेकींस लागून होत्या. त्या संगतीनें पोलादास भोंक पडलें, पेट्रोल गटारांत उतरलें, आणि स्फोटांत दोनशेंहून अधिक माणसें गेलीं. रहिवाशांनीं पेट्रोलच्या वासाची तक्रार अगोदरच केली होती. परंतु त्यांस वेळीं हलविण्यांत आलें नाहीं. ज्या तत्त्वावर डेव्हींनीं तांबें वांचविलें, तेंच तत्त्व येथें दुर्लक्षामुळें काळ झालें.

आम्हां वऱ्हाडकरांस हा विषय दूरचा वाटूं नये. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत जमिनींत मीठ आहे, आणि खारट ओलावा विजेस वाट करून देतो. शिवाय आमची काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्या ओढाताणीनें पुरलेल्या नळीवरील लेप फाटूं शकतो. अशा भूमींत लोखंड पुरणाऱ्यानें, मग तो नळ पाण्याचा असो वा तेलाचा, प्रथम मातीची परीक्षा करावी. राखणीचें काम यशस्वी झालें म्हणजे कांहींच घडत नाहीं. म्हणून त्यावरील खर्च व्यर्थ वाटतो आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम त्यावरच पडते. कांहीं न घडणें हेंच त्या खर्चाचें फळ आहे, हें हिशेब पाहणारांनीं ध्यानीं ठेवावें.