धरणगावची वखार आणि वेदनेचा परवाना

धरणगावचे नाव इंग्रजांच्या दफ्तरात प्रथम ठळकपणे उमटते ते कापडाच्या व्यापारामुळे. १६७४ साली ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार घातली, दुसऱ्याच वर्षी मराठी फौजेने गाव लुटले आणि १६७९ साली पुन्हा तोच प्रसंग ओढवला, ही हकीकत खानदेशच्या इतिहासात रस असणाऱ्यांस ठाऊक आहे. आणि ज्यांस इतिहासात रस नाही त्यांनाही बालकवींचे जन्मगाव म्हणून हे नाव परिचयाचे असते. परंतु ह्या मुलखाच्या गतकालाकडे आणखी एका बाजूने पाहता येते. ती बाजू मनुष्याच्या शारीरिक वेदनेची आणि ती वेदना शमविणाऱ्या द्रव्यांवर राज्यकर्त्यांनी वेळोवेळी बसविलेल्या पहाऱ्याची आहे.

१८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला, आणि १८२५ साली जेम्स औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटाने भिल्लांची पलटण उभारून तिचे ठाणे धरणगावास ठेवले. भिल्लांबरोबर शिकारीस जाऊन, त्यांच्या पंक्तीस बसून त्याने त्यांचा विश्वास संपादन केला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ते खरेच असावे, कारण नुसत्या हुकमाने त्या डोंगरात कोणी कोणाचे ऐकले नसते. पण जेथे पलटण तेथे जखमा, आणि जेथे वाघाची शिकार तेथे तर विचारावयासच नको. औट्रम धरणगावी आला त्या काळी युरोपात वा हिंदुस्थानात कोणत्याही शल्यविशारदापाशी रोग्यास खात्रीने बेशुद्ध करणारे द्रव्य नव्हते. लंडनचा नामांकित सर्जन आणि पलटणीचा डॉक्टर ह्या एका बाबतीत सारखेच दरिद्री होते. मद्य, अफू आणि रोग्यास धरून ठेवणारी दणकट माणसे, एवढाच सरंजाम. शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास अन्न द्यावे आणि ज्यास मद्य सोसते त्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, म्हणजे तो मूर्च्छित पडणार नाही व शस्त्राची जाणीव त्यास होणार नाही, असा सुश्रुतसंहितेचा उपदेश आहे. मोहाची दारू गाळणाऱ्या सातपुड्यास तो संहितेवाचून ठाऊक असला तर नवल नाही.

ह्या सरंजामातील खरे वेदनाहर द्रव्य अफू, आणि अफूचे आगर म्हणजे सातपुड्यापलीकडचा माळवा. कंपनीने बंगालच्या अफूचा मक्ता स्वतःकडे ठेवला होता. माळव्याची अफू संस्थानिकांच्या मुलखात पिकत असल्याने तिच्यावर तसा ताबा चालेना, आणि ती कराचीमार्गे दमणच्या पोर्तुगीज बंदरात जाऊन चीनकडे रवाना होऊ लागली. अखेर १८३० साली, रोखता येत नाही तर निदान जकात तरी घ्यावी ह्या शहाणपणाने, मुंबईस जाणाऱ्या प्रत्येक पेटीमागे १७५ रुपये घेऊन परवाना देण्याची पद्धत सुरू झाली, आणि सिंध जिंकून कराचीची वाट बंद झाल्यावर तीच रक्कम चढत चढत ४०० रुपयांपर्यंत नेण्यात आली. माळव्यातून मुंबईकडे उतरणाऱ्या मालाची एक मोठी वाट सेंधवा, शिरपूर, धुळे अशी खानदेशातूनच जात असे. ज्या द्रव्याने पाय कापलेल्या शिपायाची रात्र सुसह्य व्हावयाची, त्याचे मोल सरकारदरबारी पेट्यांत आणि रुपयांत मोजले जात होते; घरोघरी मात्र त्याचाच अंश बाळगोळीत घालून तान्ह्या मुलांस निजविण्यात येत असे. मोठ्यांच्या वेदनेपेक्षा लहानांच्या रडण्यावर अफू अधिक खर्ची पडली असेल, असा आम्हांस दाट संशय आहे.

ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचा यशस्वी प्रयोग झाला, १८४७ च्या मार्चमध्ये तो कलकत्त्यास पोहोचला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सिम्प्सनने एडिंबरोत क्लोरोफॉर्म पुढे आणला. क्लोरोफॉर्मने हृदय आधी थांबते की श्वास, ह्या वादाचा निकाल लावण्यासाठी १८८८ व १८८९ साली निजामाच्या खर्चाने हैदराबादेस दोन आयोग बसले, डॉ. लॉरी हे त्यांचे सूत्रधार, आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या रूपाबाई फरदुनजी ह्यांना जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ मानतात. ह्या सर्व विद्वत्तापूर्ण खटाटोपात विचार झाला तो शस्त्र चालू असेपर्यंतच्या वेळेचा. शुद्धीवर आल्यानंतरचे दोन-तीन दिवस हे जणू शास्त्राच्या हद्दीबाहेरचे होते. तेथे मॉर्फिनची सुई लाभली तर लाभली, नाहीतर सोसणे हाच उपचार, आणि सोसणाऱ्याची तारीफ करणे हे नातलगांचे काम.

मॉर्फिन म्हणजे अफूचेच सत्त्व. १८७८ चा अफूचा कायदा, १९३० चा घातक द्रव्यांचा कायदा आणि १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा अशी एकावर एक कुलपे चढत गेली. ह्या शेवटच्या कायद्यातील शिक्षेची जरब अशी बसली, आणि प्रत्येक राज्याचे परवाने इतके निरनिराळे झाले, की औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले; देशातील त्याचा वार्षिक वैद्यकीय वापर १९८५ च्या सुमारास पावणेसहाशे किलोंच्या आसपास होता, तो १९९७ पर्यंत १८ किलोंवर आला. त्याच वर्षांत खानदेशच्या उत्तरेस मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने खसखशीचे मळे पिकत होते आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात अफू गोळा होत होती. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही अडचण कागदावर तरी पुष्कळ सैल झाली.

ह्या टंचाईच्या काळात तालुक्याच्या गावातील शल्यचिकित्सकास आधार मिळाला तो केटामाइनचा. १९६२ साली कॅल्विन स्टीव्हन्स ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते सिद्ध केले, १९६४ साली मिशिगनमधील तुरुंगातील कैद्यांवर डॉमिनो व कॉर्सन ह्यांनी ते प्रथम वापरले, आणि १९७० साली त्यास अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली. ते दिलेला रोगी डोळे उघडे ठेवून असतो, पण जगापासून तुटलेला असतो. श्वास बहुधा चालू राहतो, रक्तदाब पडत नाही, उलट थोडा चढतो. जेथे भूल देण्याचे यंत्र नाही, प्राणवायूची नळकांडी संपत आलेली आणि वीज केव्हा जाईल ह्याचा भरवसा नाही, तेथे ह्या गुणांचे मोल काय, हे वेगळे सांगावयास नको. उणेही होतेच: जागे होताना रोगी भलतेसलते पाहतो, बरळतो, म्हणून जोडीस डायझेपाम वा मिडाझोलाम देण्याचा परिपाठ पडला.

पुढे १९८३ साली लंडनमध्ये लॉज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की हे द्रव्य मज्जारज्जूतील एनएमडीए नावाच्या ग्राहीस (रिसेप्टरास) अडविते. आणि त्याच वर्षी क्लिफर्ड वूल्फ ह्यांनी सिद्ध केले की इजा झाल्यावर मज्जारज्जू स्वतःच अधिक हळवा होतो व साधा स्पर्शही दुखू लागतो. हे दोन शोध जवळ ठेवले तर शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर केटामाइनची अल्प मात्रा का चालावी, हे उमगते. बेशुद्धीसाठी शिरेतून दर किलो वजनास एक ते दोन मिलीग्रॅम लागते. वेदनेसाठी अमेरिकन तज्ज्ञमंडळांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत एका वेळची मर्यादा दर किलोस ०.३५ मिलीग्रॅम ठरविली आहे. त्याच वर्षी कॉक्रेनच्या समीक्षकांनी १३० अभ्यास आणि ८,३४१ प्रौढ रोगी ह्यांची छाननी केली: पहिल्या २४ तासांत मॉर्फिनची गरज सुमारे ८ मिलीग्रॅमने, म्हणजे जवळजवळ पंचमांशाने घटली, मळमळ व वांती शेकडा २७ वरून २३ वर आली, आणि भास होण्याचे प्रमाण म्हणण्यासारखे वाढले नाही. लाभ माफकच आहे. पण जेथे मॉर्फिनच दुर्मिळ, तेथे त्याची गरज घटविणाऱ्या औषधाकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते.

आणि आता ह्याही औषधावर कुलूप चढले आहे. नशेच्या बाजारात त्यास मागणी आली, २०११ साली त्याची गणना मनःप्रभावी द्रव्यांत झाली, २०१३ साली ते औषधविषयक नियमांच्या एक्स परिशिष्टात गेले. आणि त्याच २०१३ च्या अखेरीस जळगावच्या औद्योगिक वसाहतीत महसूल गुप्तचरांनी हजार किलोंहून अधिक केटामाइन जप्त केले. धरणगावाहून तासाभराच्या अंतरावर हा साठा सापडला असल्याने कुलपाची आवश्यकता नाकारणे आम्हांस शक्य नाही. औषध बंदिस्त ठेवावे, चिठ्ठी दोन प्रतींत घ्यावी, एक प्रत दोन वर्षे जपावी, हे नियम न्याय्यच आहेत. साठ किलो वजनाच्या रोग्यास वेदनेसाठी एका वेळी फार तर एकवीस मिलीग्रॅम, म्हणजे नेहमीच्या कुपीतील अर्ध्या मिलिलिटराहूनही कमी, द्यावयाचे असते. खरी अडचण ह्या थेंबांची नसून त्यांच्यानंतरच्या रात्रीची आहे. सावकाश ठिबकत ठेवावयाचे तर पंप हवा आणि रोग्यावर नजर ठेवणारी परिचारिका हवी. आणि लहान गावी येणारा भूलतज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरातून आलेला असतो व टाके पूर्ण होताच पुढल्या रुग्णालयाची वाट धरतो. जाण्यापूर्वी त्याने दिलेली मात्रा काही काळ काम करते. त्यानंतर रोग्याच्या वाट्यास डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन येते आणि सकाळपर्यंत सोसा असा सल्ला मिळतो, जो औट्रमच्या पलटणीतील डॉक्टरलाही देता आला असता.