निलंबित लायसन, अर्धी मुभा आणि एक शेरा

पुण्यातला एक रिक्षाचालक कल्पनेत घ्यावा. रविवारी तो स्वतःच्या स्कूटरवरून, हेल्मेट न घालता, भाजी आणायला निघतो आणि चौकात अडवला जातो. दंड होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. कायद्याचे अक्षर मात्र दंडापाशी थांबत नाही. हेल्मेटच्या गुन्ह्यासाठी असलेले कलम १९४-ड दंडासोबत तीन महिन्यांची अनर्हताही सांगते, म्हणजे तेवढा काळ लायसन धारण करण्यास तो माणूस अपात्र. स्कूटर आणि रिक्षा दोन्हींची नोंद एकाच लायसनवर असते. मग सोमवारी सकाळी रिक्षा रस्त्यावर आणायची की नाही?

अमेरिकेतील काही राज्यांनी या प्रश्नाचे सरळ उत्तर शोधले आहे. विस्कॉन्सिनमध्ये निलंबनाच्या काळात ‘ऑक्युपेशनल’ लायसन मिळू शकते. नोकरी, शिक्षण, घरची निकड अशा ठरावीक कारणांसाठी, दिवसाला १२ आणि आठवड्याला ६० तासांच्या मर्यादेत गाडी चालवता येते. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत १२ दंडगुण साचले की किमान सहा महिने लायसन जाते. पण त्यामुळे ‘असाधारण हालअपेष्टा’ ओढवतील असे पटवून दिल्यास न्यायालय ती शिक्षा कमी करू शकते किंवा टाळू शकते.

‘कामापुरते लायसन’ अशी वस्तू भारतीय कायद्यात नाही. तास ठरवून, रस्ता ठरवून, कारण पाहून मुभा देण्याची पद्धत येथे रुजलीच नाही. मात्र वाहनाचा प्रकार पाहून अर्धी मुभा देण्याची एक वाट आहे. ती मोटारींच्या जुन्या कायद्यांतून आली, आणि संगम पुलाजवळच्या आरटीओत रोज येणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ती माहीत असावी.

आधी शब्दांचा घोळ मिटवलेला बरा. बोलीत ज्याला आपण लायसन किंवा परवाना म्हणतो, त्याला सरकारी मराठीत ‘अनुज्ञप्ती’ म्हणतात. ‘परवाना’ हा शब्द तेथे रिक्षा-टॅक्सीच्या परमिटसाठी राखून ठेवला आहे. त्यामुळे ‘परवाना निलंबित’ हे शब्द वाचून रिक्षाचालकाला नेमके काय गमावले, तेच कळत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या कलमांखाली जातात.

मोटार चालवण्याचे लायसन काढून घेण्याची कल्पना जवळजवळ लायसनइतकीच जुनी. ब्रिटनच्या १९०३ च्या मोटार कार कायद्याने जानेवारी १९०४ पासून लायसन सक्तीचे केले. पाच शिलिंग भरले की ते मिळे, परीक्षा नव्हती. पण गुन्हा शाबित झाल्यास त्यावर नोंद करण्याचा किंवा ते निलंबित करण्याचा अधिकार न्यायालयाला पहिल्या दिवसापासून होता. मोटार देण्यात सरकार उदार आणि काढून घेण्यात सावध, असा तो काळ. भारतात १९१४ चा मोटार वाहन कायदा याच वळणाचा होता. तो आटोपशीर होता आणि बहुतेक तपशील त्याने प्रांतिक सरकारांच्या नियमांवर सोपवला. तेव्हा मोटार श्रीमंतांकडे आणि लायसन बहुधा त्यांच्या पगारी ड्रायव्हरकडे असे. लायसन गेले की मालकाची गैरसोय होई, ड्रायव्हरची मात्र चूल विझे.

१९३९ च्या कायद्याने हा फरक प्रथमच नीट ओळखला. पगारी नोकर म्हणून किंवा भाडोत्री वाहन चालवायचे असेल, तर लायसनवर तसा स्पष्ट अधिकार नोंदलेला हवा, असे त्याने ठरवले. भाडोत्री वाहनासाठी वयाची अटही अठराऐवजी वीस केली. याच कायद्याने स्थापन झालेल्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला एखाद्या व्यक्तीस केवळ भाडोत्री वाहन चालवण्यापुरते अपात्र ठरवता येत असे. म्हणजे धंद्याची गाडी बंद, घरची चालू. आजच्या दृष्टीने हे नेमके उलटे वाटते. निलंबित माणसाला धंद्याची गाडीच हवी असते. पण कायद्याची काळजी ड्रायव्हरच्या पोटाची नव्हती, मागे बसलेल्या सवारीची होती. ती चूक म्हणता येणार नाही.

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. गुन्हा शाबित झालेल्या व्यक्तीस ‘सर्व’ प्रकारच्या किंवा ‘एखाद्या विशिष्ट’ प्रकारच्या वाहनांसाठी अपात्र ठरवण्याची मुभा त्याच्या कलम २० ने न्यायालयाला दिली. लायसन देणाऱ्या प्राधिकरणाला हाच पर्याय कलम १९ ने दिला. आणि कलम १९(२) च्या परंतुकात खरी चावी आहे. लायसनवर अनेक प्रकारची वाहने असतील आणि आदेश त्यांपैकी एखाद्याच प्रकारापुरता असेल, तर प्राधिकरणाने लायसन ठेवून घ्यायचे नाही. त्यावर तसा शेरा मारून ते परत करायचे. भारतातले ‘मर्यादित लायसन’ असलेच, तर ते हे. दफ्तरी मराठीत शतकानुशतके वावरलेला ‘शेरा’ येथे एखाद्याचे तीन महिने वाचवू शकतो.

ही वाट पुढे रुंद झाली नाही, अरुंदच झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितले की वेगमर्यादा मोडणे, लाल सिग्नल तोडणे, दारू पिऊन किंवा मोबाइलवर बोलत गाडी चालवणे, जादा माल भरणे अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने निलंबन करावे. २०१९ च्या दुरुस्तीने वाहतूक पोलिसाला काही गुन्ह्यांत लायसन जप्त करून प्राधिकरणाकडे पाठवण्यास सांगितले. या यादीत वेगमर्यादाही आहे. गंमत अशी, की वेगाच्या पहिल्या दोन गुन्ह्यांसाठी न्यायालयाने अपात्रतेचा आदेश देऊ नये, असे कलम २० म्हणते. न्यायाधीशाला जे पहिल्या गुन्ह्यात वर्ज्य, ते कार्यालयाला करता यावे, ही विसंगती कोणी मुद्दाम घडवली असेल असे नाही. दुरुस्त्या एकावर एक चढत गेल्या की असे होते.

हेल्मेट हा पुण्याचा जुना सल. १ जानेवारी २०१९ पासून शहरात कडक कारवाई सुरू झाली, तेव्हा विरोधात मोर्चे निघाले. त्या वादात मान, डोके, गर्मी, पुणेरी बाणा असे सगळे आले; हेल्मेटपायी लायसन जाऊन कोणाचा धंदा बंद पडेल, हा मुद्दा मात्र जवळजवळ आलाच नाही. हेल्मेटने जीव वाचतो, याबद्दल वाद नको. पण स्कूटरवरच्या चुकीने रिक्षा बंद व्हावी का, हा वेगळा प्रश्न आहे. कलम १९४-ड मध्ये ‘विशिष्ट प्रकार’ हे शब्द नाहीत. पोलिसाने पाठवलेल्या लायसनवर निर्णय घेण्यासंबंधीच्या कलम १९(१-अ) मध्ये ते आहेत, आणि चालकाचे म्हणणे ऐकून, कारणे लिहूनच आदेश काढावा, ही अटही आहे. जप्ती म्हणजे निलंबन नव्हे, निलंबनाचा अधिकार पोलिसांना नाही, असे कोलकाता उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, ते या संदर्भात महत्त्वाचे.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात दोघांचा जीव गेला. त्यानंतर अल्पवयीन चालकाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन न देण्याची तरतूद घरोघरी चर्चिली गेली. तेथे शेऱ्याला जागा नाही, आणि नसावीच.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या मोटार वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचे भाडोत्री वाहनही चालवता येते, असा निर्णय दिला. अनेक चालकांना त्याने दिलासा मिळाला. पण १९३९ ने आखलेली खासगी आणि भाडोत्री यांतली रेघ त्यामुळे पुसट झाली. दुचाकी वेगळा प्रकार म्हणून अजून उभी आहे. तेव्हा त्या रिक्षाचालकाची बाजू टिकून राहते: सुनावणीत त्याने अनर्हता दुचाकीपुरती ठेवून लायसन शेऱ्यासह परत मागावे, आणि आदेश विरुद्ध गेला तर तीस दिवसांत अपील करावे. तोवर रिक्षा घरीच उभी राहिलेली बरी. अपात्र असताना गाडी चालवल्यास कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहेत.